न विचारता लिहिलेलं नाव

वेळ आली की माणसाचे मानमरातब, पदव्या, पुरस्कार सगळं गळून पडतं आणि शेवटी एकच प्रश्न उरतो: ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं, असं एक तरी माणूस आपल्याला आहे का?

हे वाक्य माझंच आहे. बेंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या एका देवळाच्या हॉलमध्ये, एका रविवारी दुपारी, तीसेक वयस्कर मराठी मंडळींसमोर उभं राहून मी ते म्हणालो. चहा यायला उशीर झाला होता आणि तोवर कुणीतरी बोलत राहणं गरजेचं होतं.

निमित्त एका फॉर्मचं होतं. त्याच्या महिनाभर आधी आमच्यातले एक गृहस्थ घरात एकटे असताना न्हाणीघरात पडले आणि ते कळायला दोन दिवस लागले. दाराला अडकवलेल्या पिशवीत दुधाची तीन पाकिटं जमली तेव्हा दूधवाल्याला शंका आली. त्यानंतर आमच्यापैकी बहुतेकांनी आंघोळीच्या वेळी कडी लावणं सोडलं. मीही सोडलं. पत्नी गेल्यापासून मी एकटाच राहतो, त्यामुळे कडी लावण्यासारखं लपवायचं कुणापासून, हाही प्रश्न होताच. पण उघड्या दाराच्या न्हाणीघरात साबण लावताना पाय नेहमीपेक्षा जास्त घट्ट रोवले जातात आणि पाणी गार असलं नसलं तरी अंगावर काटा येतो.

आमच्या रविवारच्या भेटी जमवणारी एक मुलगी आहे, बत्तीस-तेहतीसची, पुण्याहून इथे सॉफ्टवेअरमध्ये आलेली. तिने मनावर घेतलं आणि फॉर्म तयार केला. नाव, पत्ता, रक्तगट, आणि सगळ्यात खाली इंग्रजीत: अशा एका व्यक्तीचं नाव लिहा जिच्यावर तुम्ही 'काउंट ऑन' करू शकता. त्यावर कुजबुज सुरू झाली. कुणी मुलाचं नाव लिहायला घेतलं, मग मुलगा सिएटलला आहे हे आठवून खोडलं.

"काका, तुम्ही जरा एक्सप्लेन करता का?" मुलगी मला म्हणाली. "तुमचं इंग्लिश ऑसम आहे."

माझं इंग्रजी ऑसम वगैरे नाही. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं माहितीपुस्तकं लिहिली. यंत्राच्या खोक्यात जे पुस्तक असतं आणि जे कुणी वाचत नाही, ते. पण उभं राहायला सांगितलं की माणसाला आपण कोण आहोत याचा विसर पडतो. मी उभा राहिलो आणि समजावू लागलो. आपण पेन्शनवर अवलंबून असतो, म्हणालो, कारण दुसरा इलाज नसतो. तिथे 'डिपेंड'. घड्याळावर आपण विसंबतो, कारण ते आजवर बरोबर चालत आलंय. तिथे 'रिलाय'. पण 'काउंट ऑन' म्हणजे जे अजून घडलेलं नाही ते घडणारच असं धरून चालणं. पाऊस असो, संप असो, तो माणूस येणार. आपली सगळी योजना त्याच्या येण्यावर उभी.

"म्हणजे हक्काचा माणूस," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर."

"मग तसं लिहायचं की. उगाच इंग्रजी कशाला?"

तेव्हा अक्का बोलल्या. अक्का म्हणजे आमच्यातल्या सर्वांत जुन्या बेंगळूरकर. त्यांचे आजोबा इथे आले, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धा डबा कन्नड असतो. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीही शहरभर बसने हिंडतात. मला त्या नावाने कधी हाक मारत नाहीत, माझ्या माहितीपुस्तकांवरून मॅन्युअल म्हणतात.

"काय हो मॅन्युअल," त्या म्हणाल्या, "त्या माणसाला आधी विचारायचं काय, की तुमचं नाव लिहू म्हणून?"

इथे मला थांबता आलं असतं. पण चहा अजून आला नव्हता.

"विचारावं लागलं," मी म्हणालो, "तर तो भरवसा कसला? तो करार झाला."

हॉलमध्ये माना डोलल्या. एका बाईंनी तर वाक्य वहीत लिहून घेतलं. अक्का म्हणाल्या, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि खाली वाकून फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मीही लिहिलं. अक्कांचंच नाव. मला दुसरं कुणी सुचलंच नाही, आणि अक्का न येतील हे शक्यच वाटलं नाही. मुलीने सगळ्यांचे फॉर्म गोळा करून प्रत्येकाला पाकिटात ठेवायचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड करून दिलं. त्यावर आपण लिहिलेल्या माणसाचा फोन नंबर.

एकतीस वर्षं मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहीत आलो होतो की यंत्र सुरू करण्यापूर्वी समोरच्याला सूचना द्या. त्या दिवशी नेमकं तेवढंच गाळलं.

सहा-सात आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मी जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होतो. फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे गाड्यांचे, ढकलगाड्यांच्या चाकांचे आवाज आणि एक तरुण बाई.

"सार, आप इनके रिलेटिव्ह हैं ना? कार्ड में आपका नंबर है." तिने अक्कांचं पूर्ण नाव घेतलं. "बस स्टॉप पे गिर गए. पल्स बहुत स्लो है. आप जल्दी आइए. हेब्बाळ, बस स्टॉप के सामने वाला हॉस्पिटल."

मी म्हणालो, "मेरा नंबर?"

"हाँ सार, आपका ही. कोई और है क्या?"

कुणी और असावं असं मला त्या क्षणी फार मनापासून वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. पत्नी गेली त्या दिवसापासून मी रुग्णालयाच्या काचेच्या दारातून आत गेलो नव्हतो. रक्त तपासायला माणूस घरी बोलावतो. ओळखीच्या कुणाला दाखल केलं तर डिस्चार्ज झाल्यावर फळं घेऊन भेटायला जातो आणि म्हणतो, अरे, आम्हाला कळलंच नाही. अक्कांनी या माणसाचं नाव का लिहावं? त्यांच्या-माझ्या पाच वर्षांच्या ओळखीत आमचं एकूण बोलणं, बहुधा आल्याच्या चहावरचं, जमवलं तर दहा तास भरलं नसतं.

गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं. गॅस लावलेलाच नव्हता. चष्मा घेतला तो वाचायचा, लांबचा घरीच राहिला. ओळखपत्र म्हणून विजेचं बिल घेतलं. कुलूप लावताना दोनदा खाली पडलं.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. "हेब्बाळ, अर्जंट," मी म्हणालो.

"अर्जेंट अंद्रे ट्रॅफिक केळुत्ता, सार?" रिक्षावाला म्हणाला. अर्जंट म्हटल्यावर ट्रॅफिक ऐकतं का? मग माझा चेहरा आरशात पाहून त्याने पुढे काही विचारलं नाही आणि मीटर टाकायलाही विसरला.

शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं होतं. पहिल्याच सिग्नलला मी त्या पुण्याच्या मुलीला फोन लावला. ती लग्नासाठी पुण्याला गेलेली. मागे सनई होती.

"ओ गॉड. काका, तुम्ही निघालात ना?"

"निघालो. पण अक्कांचं दुसरं कुणी? भाचा आहे ना एक?"

"कॅनडात आहे. तिकडे आत्ता रात्र आहे, फोन सायलेंटवर असणार. मी मेसेज टाकते. आणि त्यांची मोठी बहीण हेब्बाळच्याच वृद्धाश्रमात असते, सोमवारी आणि गुरुवारी अक्का तिलाच भेटायला जातात. पण तिला कुणी ओळखूच येत नाही हो आता."

"मग आपल्या ग्रुपमधलं कुणी? जवळ राहणारं?"

कळांचा टकटक आवाज आला.

"काका, मी शीट उघडलीये. एक सांगू? चौदा जणांनी अक्कांचं नाव लिहिलंय. तुम्हीसुद्धा."

रिक्षा उड्डाणपुलाच्या तोंडाशी अडकून उभी होती. माझ्या डोळ्यांसमोर ते चौदा जण आले, रविवारच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एका ओळीत बसलेले, आणि ज्या एका माणसावर ती सगळी ओळ रेलली होती ते माणूस आत्ता कुठल्यातरी स्ट्रेचरवर पडलेलं. हे कुणालाच माहीत नव्हतं. अक्कांनाही माहीत नव्हतं की त्यांच्यावर चौदा जण विसंबून आहेत, कारण विचारायचं नाही असं मी सांगितलं होतं.

आणि मग जो विचार आला तो पहिल्यापेक्षा वाईट होता. अक्का गेल्या, तर माझ्यासाठी कोण येणार? मी अक्कांसाठी घाबरलो होतो हे खरं, पण त्या भीतीच्या आत ही दुसरी बसलेली होती आणि ती मोठी होती. उघड्या दाराचं न्हाणीघर दिसलं. दाराला अडकवलेली पिशवी दिसली. मी पाकिटं मोजायला लागलो आणि स्वतःला थांबवलं.

"सार, नीर?" रिक्षावाल्याने न वळताच पाण्याची बाटली मागे केली. मी ती घेतली. झाकण उघडेना. त्याने सिग्नलला उघडून दिली.

पोहोचायला दीड तास लागला. काचेचं दार आपोआप उघडलं, म्हणजे थांबायची सोयही राहिली नाही. तोच वास, तेच निळे पडदे. काउंटरवर मी अक्कांचं नाव सांगितलं आणि मला एका कोपऱ्यात नेण्यात आलं, जिथे अक्का होत्या.

मी त्यांना ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण साडीवरून. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि केस सुटले होते. अक्कांचे केस सुटलेले मी कधी पाहिले नव्हते. डोळे अर्धे उघडे, पण पाहत नव्हते. डोक्यामागच्या मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा अठ्ठावीस-एकोणतीसच्या आसपास खालीवर होत होता. दोन ठोक्यांच्या मधे इतकी लांब शांतता असायची की दर वेळी वाटायचं, आता नाही. मग यायचा.

डॉक्टर तरुण होता, हिंदी-इंग्रजीत भराभर बोलत होता. हृदयाची विजेची वायरिंग अडली आहे, आत्ता तात्पुरती एक तार शिरेतून आत घालायची, मग एक-दोन दिवसांत पेसमेकर. औषध देऊन पाहिलं, फारसा फरक नाही. सही हवी. आणि काही माहिती हवी.

"शुगर है?"

"मालूम नहीं." चहा बिनसाखरेचा घेतात, एवढंच मला माहीत होतं. ते मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं नाही.

"कोई ॲलर्जी? पहले कोई ऑपरेशन?"

"मालूम नहीं."

"ब्लड थिनर? खून पतला करने की कोई गोली? पर्स में दवाई नहीं मिली. रिपोर्ट आने में टाइम लगेगा, और कुछ गोलियाँ उसमें दिखती भी नहीं. पता हो तो बताइए. हमें किधर से जाना है वो उस पर है."

तिसऱ्यांदा मालूम नहीं म्हणायला तोंड उघडत नव्हतं. डोळे मिटून विसंबण्याचा माणूस तिथे विजेचं बिल हातात धरून उभा होता आणि त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मागे ठोका पडला. मग ती शांतता. मला वाटलं, या बाईंनी दुसऱ्या कुणाचंही नाव लिहिलं असतं, आमच्या देवळाच्या पुजाऱ्याचं, बसच्या कंडक्टरचं, तरी बरं झालं असतं.

आणि मग एक निळा डाग आठवला. दोन-तीन रविवारांपूर्वी कुणाच्यातरी हातावर मनगटापासून कोपरापर्यंत निळंजांभळं झालं होतं. खुर्ची लागली म्हणाल्या. कोण म्हणालं? आमच्यात दोन बायका सारखीच राखाडी शाल घेतात, आणि मी माणसांपेक्षा बशीतल्या बिस्किटांकडे जास्त बघत असतो. त्या डागाची बाई अक्काच होत्या का दुसऱ्या? दुसऱ्या असतील आणि मी हो म्हणालो, तर हे लोक उगाच भलत्या वाटेने जातील. अक्का असतील आणि मी नाही म्हणालो, तर रक्त थांबणार नाही. छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, या खोलीतले ठोके सगळे माझ्याच वाट्याला आलेत.

मी चेहरा आठवायचा प्रयत्न सोडला आणि वाक्य आठवायला लागलो. ते मला जमतं. "अहो काही नाही, रक्त पातळ करायची गोळी आहे ना माझी. स्वल्प लागलं तरी शाई सांडल्यासारखं होतं."

स्वल्प.

दुसऱ्या शालवाल्या बाई नागपूरच्या. इथे येऊन त्यांना दोन वर्षं झाली आहेत. त्या 'जरासं' म्हणतात. आमच्या त्या अख्ख्या हॉलमध्ये मराठी बोलता बोलता जरासंला कन्नड स्वल्प म्हणणारं माणूस एकच होतं.

"लेती हैं," मी म्हणालो. "नाम नहीं मालूम. लेकिन लेती हैं."

"शुअर?"

"शुअर," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या कमी पुराव्यावर मी कधी सही केली नव्हती.

फॉर्मवर एक रकाना होता, रुग्णाशी नातं. मी पेन धरून बसलो. नर्स म्हणाली, "कुछ भी लिखिए सार, खाली मत छोड़िए." मी 'परिचित' लिहिलं. खाली एक वाक्य दोनदा छापलं होतं. एरवी मी ते कुणाला तरी दाखवलं असतं.

मग त्यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. किती वेळ, ते नीट सांगता येणार नाही, कारण लांबचा चष्मा नसल्यामुळे समोरचं घड्याळ दिसत नव्हतं. दार उघडलं की मी उभा राहायचो, दुसऱ्याच कुणाचा तरी माणूस बोलावला जायचा, मी बसायचो. मधेच खात्री वाटायची की ती शाल नागपूरच्या बाईंचीच होती आणि स्वल्प मीच मागाहून घातलं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिलो, आणि शेवटी त्यात अक्कांचा आवाज राहिलाच नाही, फक्त माझा राहिला.

तार बसली. डॉक्टर बाहेर आला, हातमोजे काढत म्हणाला की ठोके आता साठवर आहेत, आणि गोळीचं सांगितलं ते बरं झालं, नाहीतर तार मानेतून घातली असती आणि रक्त थांबवणं अवघड गेलं असतं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. गोळीचं नाव त्याला माहीत होतं. मी उठून स्वच्छतागृह शोधलं, आत गेलो, कडी लावली आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.

चौथ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. केस बांधलेले. पेसमेकर बसला होता. पुण्याची मुलगी लग्नाचे लाडू घेऊन आली होती आणि फॉर्मबद्दल सांगत होती. आता नवा रकाना टाकलाय म्हणाली: त्या व्यक्तीला विचारलं आहे का, हो किंवा नाही.

"चौदा?" अक्का म्हणाल्या. "मला? आणि एकानेही विचारू नये? वर्गात असते तर सगळ्यांना बाहेर उभं केलं असतं."

"काकांनीच सांगितलं होतं ना, विचारायचं नाही," मुलगी म्हणाली.

"हे मॅन्युअल होय. याचं ऐकून मशीन चालवलं की असंच."

मुलगी गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. चार दिवस एक प्रश्न माझ्या डोक्यात होता. खरं सांगायचं तर उत्तरही मी थोडंफार तयार ठेवलं होतं. माणूस ओळखायला चाळीस वर्षांची मास्तरकी लागते, असं काहीतरी. ऐकून घेताना नम्र दिसावं म्हणून मी खालीही पाहिलं.

"अक्का, एक विचारू? त्या फॉर्मवर तुम्ही माझंच नाव का लिहिलंत?"

अक्कांनी लाडूचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"सगळे कुठे ना कुठे जातात हो," त्या म्हणाल्या. "मुलाकडे, यात्रेला, लग्नाला. तुम्ही आपले कायम घरीच असता."

हे खरं आहे. त्यांच्यासाठीचा फोन आला तेव्हाही मी घरीच होतो.